‘सापडलं नाही’ म्हणजे ‘नाही’ का? लॉजिक प्रोग्रॅमिंग आणि अपुऱ्या माहितीचा इतिहास

आज आपण एका अगदी छोट्या शब्दाचा इतिहास पाहणार आहोत. तो शब्द म्हणजे ‘नाही’.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणू. ब्रिटनमधल्या एखाद्या गावात पहाटे कुणाला तरी दाराशी एक तान्हं मूल सापडतं. आई कोण, वडील कोण, जन्म कुठे झाला, काहीच माहीत नाही. हे मूल ब्रिटिश नागरिक आहे का? १९८१ चा ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायदा १ जानेवारी १९८३ पासून लागू झाला. तेव्हापासून ब्रिटनच्या भूमीवर जन्मणं एवढंच पुरेसं राहिलं नाही. आई किंवा वडील, दोघांपैकी एक तरी जन्माच्या वेळी ब्रिटिश नागरिक असावं लागतं, किंवा तिथे स्थायिक तरी. आपल्या या मुलाबद्दल यातलं काहीच सिद्ध करता येत नाही. मग उत्तर ‘नाही’ असं द्यायचं का?

कायदा म्हणतो, थांबा. टाकून दिलेलं नवजात मूल सापडलं, तर उलट पुरावा पुढे येत नाही तोवर ते ब्रिटनमध्येच आणि पात्र पालकाच्या पोटीच जन्मलं असं समजायचं. म्हणजे इथे माहिती नसणं हे मुलाच्या विरुद्ध जात नाही, त्याच्या बाजूने जातं. आणि उद्या पुरावा आला, तर आजचा निष्कर्ष मागे घ्यावा लागतो.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या सहा संशोधकांनी हा कायदा लॉजिक प्रोग्रॅम म्हणून लिहून काढला आणि १९८६ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. मारेक सर्गो, फरीबा सादरी, रॉबर्ट कोवाल्स्की आणि त्यांचे सहकारी. आपल्या आजच्या विषयाच्या मध्यभागी हा निबंध ठेवता येईल. अपुऱ्या माहितीवर यंत्राने निर्णय द्यायचा, तर न सापडलेल्या गोष्टीबद्दल त्याने काय समजायचं? आणि दोन ठिकाणची अपुरी माहिती एकत्र जोडली, की आधीच्या निर्णयांचं काय होतं? या दोन प्रश्नांभोवती हा इतिहास फिरतो.

सुरुवात: फक्त ‘आहे’ बोलणारी भाषा

थोडं मागे जाऊ. १९६५ मध्ये जॉन ॲलन रॉबिन्सन यांनी ‘रेझोल्यूशन’ नावाची सिद्धतेची पद्धत मांडली. तर्कशास्त्रातल्या सिद्धतेचे अनेक नियम बाजूला ठेवून यंत्राला झेपेल असा एकच नियम त्यांनी दिला. त्यानंतरच्या काही वर्षांत दोन ठिकाणी दोन माणसं एकाच वाटेवर आली. फ्रान्समध्ये मार्सेयला आलाँ कोलमेरोर होते. त्यांना यंत्राशी फ्रेंचमध्ये बोलायचं होतं. एडिंबरोला रॉबर्ट कोवाल्स्की होते. त्यांना सिद्धता शोधण्याची प्रक्रिया वेगवान करायची होती. १९७१ आणि १९७२ च्या उन्हाळ्यात कोवाल्स्की मार्सेयला गेले आणि या देवाणघेवाणीतून प्रोलॉग ही भाषा जन्माला आली. प्रत्यक्ष प्रणाली कोलमेरोर आणि फिलिप रूसेल यांनी उभी केली. ‘तर्कातून प्रोग्रॅमिंग’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांचं ते संक्षिप्त रूप आहे.

कल्पना साधी होती. प्रोग्रॅम म्हणजे नियमांची यादी. ‘अमुक आणि तमुक असेल, तर फलाणं आहे.’ या प्रकारच्या वाक्यांना हॉर्न क्लॉज म्हणतात. शिंगांशी त्याचा काही संबंध नाही, आल्फ्रेड हॉर्न या गणितज्ञाचं ते नाव आहे. १९७६ मध्ये मार्टेन व्हान एम्डेन आणि कोवाल्स्की यांनी दाखवलं, की अशा प्रत्येक प्रोग्रॅमला एक नेमका, सर्वांत लहान अर्थ असतो. जेवढं नियमांमुळे मानावंच लागतं तेवढंच त्यात असतं, त्याहून एकही गोष्ट जास्त नाही.

या अर्थाचा एक फार सुंदर गुण आहे, तो लक्षात ठेवा, कारण पुढे तोच हातातून निसटणार आहे. तुमचा प्रोग्रॅम आणि आमचा प्रोग्रॅम एकत्र जोडला, तर निष्कर्ष वाढतील, कमी कधी होणार नाहीत. तुमच्याकडे जे सिद्ध होतं ते जोडल्यावरही सिद्ध होतंच. ज्ञानाचे तुकडे हवे तसे जोडावेत, काही बिघडत नाही. याला एकदिश म्हणू, इंग्रजी शब्द मोनोटोनिक.

फक्त एक अडचण होती. या भाषेत ‘नाही’ म्हणायची सोयच नव्हती.

तुलूज, १९७७

व्यवहार ‘नाही’शिवाय एक दिवस चालत नाही. मग प्रोलॉग वापरणाऱ्यांनी एक युक्ती केली. एखादी गोष्ट सिद्ध करायचा पूर्ण प्रयत्न करायचा, आणि सगळे रस्ते संपूनही ती सिद्ध झाली नाही, तर ‘नाही’ म्हणायचं. तशी ही युक्ती प्रोलॉगच्याही आधीची. कार्ल ह्यूइट यांच्या प्लॅनर या भाषेत तिचं एक रूप होतंच. पण हे तर्काला धरून आहे का, हा प्रश्न उघडा होता.

नोव्हेंबर १९७७ मध्ये फ्रान्समध्ये तुलूज इथे तर्कशास्त्र आणि डेटाबेस या विषयावर एक बैठक झाली. तिचा ग्रंथ १९७८ मध्ये निघाला. त्यात दोन निबंध आहेत, आणि गेली जवळजवळ पन्नास वर्षं हे क्षेत्र त्या दोन निबंधांशी वाद घालत आलं आहे.

पहिला निबंध कॅनडाचे रेमंड रायटर यांचा. त्यांनी ‘बंद जग’ ही कल्पना मांडली. एसटी स्टँडवरचा वेळापत्रकाचा फलक आठवा. त्यावर साडेसातची गाडी लिहिलेली नसेल, तर आपण समजतो की साडेसातची गाडी नाही. फलकावर कुणी ‘साडेसातला गाडी नाही, सात चाळीसला गाडी नाही’ असं लिहीत बसत नाही. यादीत नाही ते नाही. यादी पूर्ण आहे अशी खात्री असेल, तर ही पद्धत अगदी योग्य आहे, आणि त्यामुळे लाखो नकार लिहायचे वाचतात.

दुसरा निबंध लंडनचे कीथ क्लार्क यांचा, ‘अपयश म्हणजे नकार’ या युक्तीवर. क्लार्क म्हणाले, प्रोग्रॅम लिहिणारा ‘जर’ लिहितो, पण त्याच्या मनात ‘तरच’ असतं. ‘पास असेल तर सवलत’ असं लिहिणाऱ्याला ‘पास असेल तरच सवलत’ म्हणायचं असतं. सगळ्या ‘जर’चे ‘तरच’ करून घेतले, की त्या युक्तीतून येणारा ‘नाही’ हा खराखुरा तार्किक नकार ठरतो. म्हणजे युक्तीला शास्त्राचा आधार मिळाला.

पण दोघांच्याही मुळाशी एक गृहीत होतं, की माहिती पूर्ण आहे. एसटीचा फलक पूर्ण असतो. दवाखान्यातला केसपेपर तसा नसतो. त्यावर ‘ॲलर्जी’ या रकान्यापुढे काही लिहिलेलं नाही, याचा अर्थ ॲलर्जी नाही असा होतो का? की कुणी विचारलंच नाही असा होतो? एकच कोरी जागा, अर्थ दोन. चुकीचा अर्थ घेतला, तर रोग्याच्या जिवावर बेतू शकतं.

आपल्याकडच्या दर्शनांचे अभ्यासक इथे हसतील, कारण हा वाद त्यांच्या घरचा आहे. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी, म्हणजे न आढळणं, हे ज्ञानाचं एक स्वतंत्र प्रमाण मानलं. पण त्यांनी एक अट घातली. ते योग्य अनुपलब्धी म्हणतात. जमिनीवर घडा दिसत नाही म्हणून घडा नाही, असं केव्हा म्हणायचं? घडा असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती असेल तेव्हाच. अंधारात घडा दिसला नाही, तर त्यावरून काहीच ठरत नाही. तुलूजमधल्या मंडळींनी मीमांसा वाचून हे केलं असं आम्ही मुळीच म्हणत नाही. दोन परंपरांना एकच खाचखळगा लागला, एवढंच. पण ‘उजेड होता का?’ हा प्रश्न आजच्या व्याख्यानभर सोबत ठेवा.

मागे घेता येणारे निष्कर्ष

१९८० साली ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ या नियतकालिकाचा तेरावा खंड आला. त्यात जॉन मॅकार्थी, पुन्हा रायटर, आणि ड्रू मॅकडरमॉट व जॉन डॉयल यांचे निबंध होते. सगळ्यांचा विषय एकच, मागे घेता येणारा निष्कर्ष. पक्षी म्हटला की तो उडतो, असं आपण धरतो. तो पेंग्विन आहे असं कळलं, की निष्कर्ष मागे. माहिती वाढली आणि निष्कर्ष घटला. मघाचा तो सुंदर एकदिश गुण गेला.

यात काय धोके आहेत, ते १९८६ मध्ये येल विद्यापीठाच्या स्टीव्ह हँक्स आणि मॅकडरमॉट यांनी एका कोड्यातून दाखवलं. एक माणूस जिवंत आहे. बंदुकीत गोळी भरली. थोडा वेळ थांबलो. मग गोळी झाडली. काय होईल? आपण म्हणू, माणूस मरेल. पण ‘काही कारण नसेल तर परिस्थिती होती तशीच राहते’ हा नियम तेव्हाच्या पद्धतींनी लिहिला, तर दोन उत्तरं निघत होती. एकात माणूस मरतो. दुसऱ्यात थांबलेल्या वेळात गोळी आपोआप गायब होते आणि माणूस वाचतो. कमीत कमी बदल मोजायचे, तर दोन्ही उत्तरांत बदल सारखेच! पुढे असं दिसून आलं, की हीच गोष्ट लॉजिक प्रोग्रॅम म्हणून, अपयशातून येणारा ‘नाही’ वापरून, भूतकाळाकडून भविष्याकडे लिहिली, तर अपेक्षित ते एकच उत्तर मिळतं. कारण नियमाला दिशा असते. आधीचं आधी ठरतं, मग नंतरचं. ही दिशेची गोष्ट जोडणीच्या प्रश्नात पुन्हा येणार आहे.

आता आपल्या त्या मुलाकडे परत येऊ. कायद्यातलं ‘उलट पुरावा नसेल तर’ हे शब्द प्रोलॉगच्या युक्तीत अगदी चपखल बसत होते. ‘मूल दुसरीकडे जन्मलं असं सिद्ध होत नाही, तर इथेच जन्मलं समजा.’ पण सगळीकडे असं चालत नव्हतं. वडील नागरिक आहेत हे आमच्या फायलीत नाही, म्हणून ते नागरिक नाहीतच, असं यंत्राने परस्पर ठरवणं घातक होतं. इम्पीरियलच्या प्रणालीत यावर एक व्यावहारिक उपाय होता. सर्गो यांनी मांडलेली ‘वापरणाऱ्याला विचारा’ ही सोय. यंत्राकडे माहिती नसेल, तर ते ‘नाही’ म्हणून मोकळं होत नाही, समोरच्या माणसाला प्रश्न विचारतं. साधी गोष्ट आहे, पण आजच्या कितीतरी ऑनलाइन फॉर्ममध्ये ती नसते, हे तुम्हीआम्ही अनुभवतोच.

ताळा करून पाहणारा अर्थ

दरम्यान एक तांत्रिक गाठ बसली होती. ‘नाही’ नियमांत येऊ दिला, की प्रोग्रॅमचा अर्थ काय धरायचा? समजा दोन भाऊ आहेत. एक म्हणतो, ‘दादा लग्नाला जातोय असं कळलं नाही, तर मी जाईन.’ दादा म्हणतो, ‘धाकटा जातोय असं कळलं नाही, तर मी जाईन.’ कोण जाणार?

क्रिस्तोफ आप्ट, हॉवर्ड ब्लेअर आणि एड्रियन वॉकर यांनी १९८८ च्या निबंधात थरांचा मार्ग मांडला. ‘नाही’ म्हणायचं, तर ते फक्त खालच्या थरात आधीच ठरून गेलेल्या गोष्टीबद्दल म्हणायचं. असे थर पाडता आले, तर अर्थ एकच निघतो. पण दोन भावांच्या गोष्टीत थर पाडताच येत नाहीत.

त्याच १९८८ मध्ये सिॲटलच्या परिषदेत मायकल गेल्फंड आणि व्लादिमिर लिफशिट्झ यांनी ‘स्थिर प्रतिमान’ ही कल्पना मांडली. दोघंही लेनिनग्राडच्या तर्कशास्त्राच्या परंपरेतून अमेरिकेत आलेले. त्यांची व्याख्या अर्ध्या पानात मावते, आणि मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही ती समजावी, कारण ती ताळा करण्याचीच पद्धत आहे. आधी उत्तर गृहीत धरा. त्या उत्तरानुसार नियमांतले सगळे ‘नाही’ सोडवून टाका. जे नियम त्यामुळे बाद होतात ते काढा, उरलेल्यांतला ‘नाही’चा भाग पुसा. आता साधा, ‘नाही’ नसलेला प्रोग्रॅम उरला, आणि त्याला एकच नेमका अर्थ असतो हे १९७६ पासून माहीत आहे. तो अर्थ काढा. गृहीत धरलेलं उत्तरच परत आलं, तर ताळा जुळला.

दोन भावांच्या बाबतीत दोन उत्तरांचा ताळा जुळतो. एकात धाकटा जातो, दुसऱ्यात दादा. दोघंही गेले किंवा कुणीच गेलं नाही, तर ताळा जुळत नाही. म्हणजे अपुरी माहिती असेल, तर प्रोग्रॅमला एकाहून जास्त सुसंगत जगं असू शकतात. ॲलन व्हान गेल्डर, केनेथ रॉस आणि जॉन श्लिप्फ यांनी त्याच सुमारास दुसरा मार्ग दिला. त्यांच्या पद्धतीत उत्तर नेहमी एकच येतं, पण दोन्ही भावांपुढे ‘अनिर्णीत’ असं लिहिलेलं असतं. एक पद्धत शक्यता मोजते, दुसरी सावधपणे गप्प बसते. कामाप्रमाणे दोन्ही आजही वापरात आहेत.

रेल्वे फाटक आणि दोन ‘नाही’

दोन वर्षांनी, १९९० मध्ये, गेल्फंड आणि लिफशिट्झ यांनी पुढचं पाऊल टाकलं, आणि आमच्या मते या सगळ्या इतिहासातलं ते सर्वांत माणुसकीचं पाऊल आहे. त्यांनी मॅकार्थींचं एक उदाहरण वापरलं. शाळेची बस रेल्वेमार्गाशी आली आहे. नियम असा, की गाडी येत नसेल तर बसने रूळ ओलांडावेत. हा ‘नसेल’ कोणता? ‘गाडी येतेय असं आम्हाला माहीत नाही’ हा, की ‘गाडी येत नाही असं आम्हाला माहीत आहे’ हा? पहिला अर्थ घेतला, तर धुकं पडलेलं असताना, काहीच दिसत नसताना, बस खुशाल रुळांवर जाईल. माहिती नाही ना, मग चला पुढे!

मग त्यांनी भाषेत दोन वेगळे नकार ठेवले. एक ‘माहीत नाही’चा नकार, दुसरा ‘नाही असं माहीत आहे’चा. आता उत्तरं तीन झाली. होय, नाही, आणि माहीत नाही. रायटर यांचं बंद जग हवं असेल, तर तेही लिहिता येतं. ‘या गोष्टीबद्दल होय माहीत नसेल, तर नाही समजा’ असा नियम घालायचा. पण आता तो नियम उघडपणे, एका एका गोष्टीपुरता लिहावा लागतो. एसटीच्या फलकाला लावा, केसपेपरला लावू नका. कुठे उजेड आहे आणि कुठे अंधार, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला सही करून सांगावं लागतं.

गेल्फंड यांचं आणखी एक उदाहरण शिष्यवृत्तीचं आहे. उत्तम गुण असतील तर विद्यार्थी पात्र. अल्पसंख्य गटातला असेल, तर बरे गुणही पुरेत. गुण उत्तमही नाहीत आणि बरेही नाहीत, तर अपात्र. आणि चौथा नियम असा, की पात्र आहे असंही ठरत नाही आणि अपात्र आहे असंही ठरत नाही, तर मुलाखतीला बोलवा. पाहा, ‘माहीत नाही’ हे इथे फाईल बंद करायचं निमित्त राहिलं नाही. त्यातून एक कर्तव्य निघतं, माणसाला बोलावून विचारायचं.

१९९१ मध्ये त्यांनी यातच एक भोक दाखवलं. एका विद्यार्थ्याबद्दल एवढंच कळलंय की त्याचे गुण एक तर उत्तम आहेत, नाही तर बरे. नेमके कोणते, माहीत नाही. मग दोन जगं तयार होतात. उत्तम गुणांच्या जगात तो पात्र ठरतो, तिथे मुलाखत नाही. बऱ्या गुणांच्या जगात पात्रता ठरत नाही, तिथे मुलाखत आहे. म्हणजे सगळ्या जगांत मिळून ‘मुलाखत घ्या’ असं पक्कं निघत नाही! खरं तर याच मुलाला बोलवायला हवं. अडचण अशी की प्रत्येक जग फक्त स्वतःपुरतं पाहतं. सगळ्या शक्य जगांकडे एकदम पाहून ‘हे सर्वत्र खरं आहे का’ असं विचारणारा शब्द भाषेत हवा. असा शब्द गेल्फंड यांनी आणला. त्याची नेमकी व्याख्या कशी असावी, यावर नंतरही बरीच वर्षं काम चालत राहिलं.

जोडताना काय बिघडतं

आता दुसरा मोठा प्रश्न. माहितीचे तुकडे जोडायचे कसे?

एक साधं उदाहरण घेऊ. दाखले देणाऱ्या कार्यालयाचा नियम आहे, ‘बाकी आहे अशी नोंद नसेल, तर दाखला द्या.’ बाकीची यादी मात्र दुसऱ्या कार्यालयात आहे. पहिलं कार्यालय एकटं चाललं, तर सगळ्यांना दाखले मिळतात. यादी जोडली, की काहींचे दाखले रद्द. प्रत्येक तुकडा आपापल्या जागी बरोबर, तरी जोडलं की उत्तर उलटं. हॉर्न क्लॉजच्या जगात असं कधी होत नव्हतं.

याहून बारीक फसवणूकही आहे. पहिला प्रोग्रॅम म्हणतो, ‘दुकान उघडं आहे.’ दुसरा म्हणतो, ‘आज सुट्टी आहे असं कळलं नसेल, तर दुकान उघडं आहे.’ एकेकटे चालवले, तर दोघांचं उत्तर अगदी सारखं. कुणी म्हणेल, मग एकाच्या जागी दुसरा ठेवला तर काय बिघडलं? आता दोघांत ‘आज सुट्टी आहे’ एवढं वाक्य घाला. पहिला म्हणेल दुकान उघडं, दुसरा म्हणणार नाही. उत्तर सारखं आलं म्हणून ज्ञान सारखं असतं असं नाही. काय माहीत नाही म्हणून ते उत्तर आलं, हाही ज्ञानाचाच भाग आहे.

२००१ मध्ये लिफशिट्झ, डेव्हिड पिअर्स आणि आगुस्तिन व्हाल्व्हेर्दे यांनी या प्रश्नाचा निकाल लावला. कोणत्याही मोठ्या प्रोग्रॅममध्ये एकाच्या जागी दुसरा बिनधोक कधी ठेवता येतो? तर ‘इथे आणि तिथे’ या नावाच्या एका तर्कप्रणालीत दोघं समान ठरतात तेव्हाच. गंमत म्हणजे ही प्रणाली १९३० साली डच तर्कशास्त्रज्ञ आरेंड हेटिंग यांच्या लेखनात आली होती. तेव्हा इलेक्ट्रॉनिक संगणकही नव्हते. सत्तर वर्षांनी ती नेमकी इथे उपयोगी पडली.

जोडणीचे इतर मार्गही शोधले गेले. १९९१ मध्ये चित्ता बराल, सरित क्राउस आणि जॅक मिंकर यांनी अनेक ज्ञानसंग्रह एकत्र करण्यावर निबंध लिहिला. बराल हे खरगपूर आयआयटीतून गेलेले. प्रश्न असा होता, की वेगवेगळ्या जाणकारांचं म्हणणं एकत्र केलं आणि त्यातून विसंगती निघाली तर? त्यांनी सुचवलं, विसंगती येऊ न देता जास्तीत जास्त जेवढं राखता येईल तेवढं राखा. एकच विरोध निघाला म्हणून सगळंच फेकू नका.

१९९४ मध्ये लिफशिट्झ आणि हडसन टर्नर यांनी विभाजनाचं प्रमेय दिलं. प्रोग्रॅमचे खालचा आणि वरचा असे दोन भाग पडत असतील, आणि खालचा भाग वरच्यावर अजिबात अवलंबून नसेल, तर आधी खालच्याची उत्तरं काढा, ती वरच्याला द्या, मग वरच्याची काढा. सगळं एकदम सोडवल्यावर जे आलं असतं तेच येतं. दाखल्याच्या गोष्टीत सांगायचं, तर बाकीची यादी आधी पूर्ण होऊ द्या, मग दाखल्याचा नियम लावा. घाई केली, तर ‘नोंद नाही’ याचा अर्थ फक्त ‘अजून नोंद आली नाही’ एवढाच असतो. येलच्या बंदुकीतही हेच होतं, आप्ट मंडळींच्या थरांतही हेच. ‘नाही’ म्हणण्याआधी त्या विषयातलं बोलणाऱ्या सगळ्यांचं बोलून झालेलं असावं.

कामाला लागलेला ‘नाही’

हे सगळं कागदावरच राहिलं का? नाही. जपानने १९८२ मध्ये पाचव्या पिढीच्या संगणकांचा मोठा राष्ट्रीय प्रकल्प लॉजिक प्रोग्रॅमिंगवर उभा केला. तो दशकभर चालला, पण बाजारात अपेक्षित क्रांती झाली नाही. त्याचे पडसाद मात्र जगभर उमटले. भारतात १९८६ मध्ये ज्ञानाधारित संगणक प्रणालींचा कार्यक्रम सुरू झाला आणि डिसेंबर १९८९ मध्ये याच विषयावरची आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत भरली.

नव्वदच्या दशकात हेलसिंकीला इल्का निएमेला आणि पात्रिक सिमन्स यांनी स्थिर प्रतिमानं वेगाने काढणारं ‘एसमॉडेल्स’ हे सॉफ्टवेअर बनवलं. १९९९ च्या सुमारास या पद्धतीला ‘आन्सर सेट प्रोग्रॅमिंग’ हे नाव रूढ झालं. गेल्फंड यांच्या गटाने तिचा उपयोग अमेरिकी स्पेस शटलसाठी केला. शटलची दिशा बदलणाऱ्या छोट्या इंजिनांच्या यंत्रणेत एखादा बिघाड झाला, तर काय करायचं याच्या योजना नियंत्रकांकडे लिहून ठेवलेल्या असत. पण एकाच वेळी अनेक बिघाड झाले तर? इतक्या जोड्या आधी लिहून ठेवणं अशक्य. तिथे नियमांवरून त्या क्षणी योजना काढणारा साहाय्यक प्रोग्रॅम त्यांनी तयार केला. त्यावरचा निबंध २००१ चा आहे. ‘बिघडलं आहे असं माहीत नसेल, तर झडप चालते असं समजा’ हा नियम तिथे लागतोच, आणि बिघाडाची बातमी येताच तो निष्कर्ष मागेही घ्यावा लागतो.

शेवटी पुन्हा त्या मुलाकडे. ब्रिटिश कायद्याच्या मसुदाकारांना लॉजिक प्रोग्रॅमिंगशी काही देणंघेणं नव्हतं. पण त्यांनी एक गोष्ट जाणली होती. माहिती नसेल, तेव्हा कुठल्या बाजूला झुकायचं, हे माहितीवरून ठरत नाही. ते माणसांनी ठरवायचं असतं. बसच्या बाबतीत आपण सावधपणाकडे झुकतो, मुलाच्या बाबतीत मुलाकडे. या पन्नास वर्षांत तर्कशास्त्रज्ञांनी काय केलं असं कुणी विचारलं, तर आम्ही म्हणू, हा झुकाव त्यांनी लपू दिला नाही. तो नियमात लिहायला लावला, म्हणजे कुणाला तरी तो वाचता येईल, आणि चुकला असेल तर बोट ठेवून दाखवता येईल.

उद्या एखाद्या खिडकीवर तुम्हाला ‘तुमचं नाव यादीत नाही’ असं उत्तर मिळालं, तर शांतपणे एवढंच विचारा, ‘साहेब, यादी पूर्ण आहे का?’ हा प्रश्न प्रमाणशास्त्रातलाही आहे आणि संगणकशास्त्रातलाही. आणि तो विचारायला पदवी लागत नाही.